वारणेचा तह आणि राज्याराज्यांतला शेजार

१९४८ सालापूर्वी विट्याचा एखादा शेतकरी बैलगाडी जोडून पूर्वेला आटपाडीच्या बाजाराला निघाला, की वाटेत कुठेतरी तो एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिरत असे. विटा म्हणजे खानापूर तालुक्याचे ठिकाण. ते सातारा जिल्ह्यात, इंग्रजी अंमलाखाली. आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींची. इकडे कुंडलही औंधचे. तासगाव पुन्हा इंग्रजांचे. त्याच्या खाली सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, पूर्वेला डफळ्यांचे जत, आणि वारणा ओलांडली की करवीरच्या छत्रपतींचे राज्य. माती तीच, बोली तीच, सोयरीकही एकमेकांतच. पण हद्द ओलांडली की कचेरी निराळी आणि कायदाही निराळा. प्रतिसरकारच्या दिवसांत साताऱ्यातल्या भूमिगतांना कुंडलचा केवढा आधार वाटला हे जुन्या माणसांनी आपल्याला सांगितलेलेच आहे. हद्द ही नुसती कागदावरची रेघ नसते, ती अशी माणसाच्या आयुष्यात येते.

पुढे ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर आले. त्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंधची, जतची, मिरजेची हद्द आता नकाशात शोधूनही सापडत नाही. मात्र एक रेघ राहिली आहे. वारणा नदी आजही बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. ही रेघ ना इंग्रजांनी ओढली, ना स्वराज्यातल्या सरकारने. ती १३ एप्रिल १७३१ रोजी झालेल्या एका तहाने ठरली. एवढी राज्ये बुडाली, एवढे अंमल बदलले, मग ही एक रेघ का टिकली? आजच्या भाषणात आपल्याला हेच पाहायचे आहे; आणि त्या निमित्ताने, राज्ये एकमेकांशी भांडतात का आणि जुळवून घेतात ती कशाच्या जोरावर, या मोठ्या प्रश्नाकडे वळायचे आहे.

प्रश्न मोठा का, तर गावात दोघांचे बांधावरून भांडण झाले तर पंच आहेत, तलाठी आहे, पोलीस आहे, कोर्ट आहे. दोन राज्यांचे भांडण झाले तर फिर्याद न्यायची कुठे? राज्यांवर राजा नाही. प्रत्येक राज्य आपल्या घरात धनी, आणि बाहेर पडले की त्याला ना वाली ना फौजदार. अशा जगात राज्ये वागतात कशी, याची उत्तरे विद्वानांनी अनेक दिली आहेत. त्यांतली तीन आपण नीट समजून घेऊ.

पहिले उत्तर बळाचे. राज्य पाहते ते आपली ताकद आणि शेजाऱ्याची ताकद. शेजारी वाढला की आपल्याला धोका. म्हणून आपण वाढायचे, नाही तर दुसऱ्या कोणाचा हात धरून तोल सांभाळायचा. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडळाचा विचार आहे. त्याचे सार असे, की लागून असलेला राजा हा बहुधा शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो आपला मित्र. युरोप-अमेरिकेतल्या पंडितांनी विसाव्या शतकात याच विचाराला वास्तववाद हे नाव दिले. हान्स मॉर्गेनथाऊ या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकन पंडिताचा या विषयावरचा गाजलेला ग्रंथ १९४८ चा. म्हणजे आपली संस्थाने विलीन होत होती त्याच वर्षीचा.

दुसरे उत्तर लाभाचे. हे विचारवंत म्हणतात, बळ आहेच, पण राज्यांना रोजचे व्यवहारही असतात. व्यापार असतो, नदी असते, रस्ता असतो. लढाईत दोघांचा तोटा आणि करारात दोघांचा फायदा असेल, तर शहाणी राज्ये करार करतात. आणि उद्याही याच शेजाऱ्याशी गाठ आहे हे ठाऊक असल्यामुळे ते पाळतात. हे विट्याच्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. खानापूर-आटपाडी भागातली गलाईवाली मंडळी सोन्याचांदीच्या गलाईसाठी भारतभर पसरली आहेत. परमुलखात, परभाषेत, ओळखपाळख नसताना सराफ आपले सोने त्यांच्या मुशीत घालतो तो कशाच्या भरवशावर? एकदा खोट काढली, की त्या पेठेत पुन्हा कोणी उभे करणार नाही, हे दोघांनाही कळते. राज्यांचेही काही अंशी असेच आहे. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने राज्याराज्यांत कायमची शांतता कशी येईल यावर १७९५ मध्ये एक निबंध लिहिला. आपल्याकडे मराठे आणि निजाम खर्ड्यावर लढले ते याच साली. या विचाराला उदारमतवाद म्हणतात.

तिसरे उत्तर नात्याचे. राज्य शेजाऱ्याला काय मानते, भाऊ मानते, वैरी मानते, की परका, यावर त्याचे वागणे ठरते. तीच तोफ भावाच्या दारात असली तर आपण निर्धास्त झोपतो, वैऱ्याच्या दारात असली तर झोप उडते. तोफ बदललेली नाही. बदलली ती आपली समजूत. या समजुती माणसांनी घडवलेल्या असतात, म्हणून त्या बदलताही येतात. हा विचार मांडणाऱ्यांना रचनावादी म्हणतात.

आता ही तीन उत्तरे मनात ठेवून वारणाकाठी जाऊ.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि त्याच वर्षी मोगलांच्या कैदेतून शाहू महाराज सुटून दक्षिणेत आले. शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र, थोरल्या शिवछत्रपतींचे नातू. पण इथे राजाराम महाराजांच्या मागे राणी ताराबाईंनी सात वर्षे मोगलांशी झुंज देऊन राज्य राखले होते. गादी कोणाची? खेडच्या लढाईत शाहूंची सरशी झाली, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांना राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्याला आपली गादी मांडली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर घरातच उलथापालथ झाली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर बसले आणि ताराबाई कैदेत पडल्या. अशी सातारा आणि करवीर ही दोन राज्ये झाली. दोन्हीकडचे राजे शिवछत्रपतींचे नातू, आपसात चुलतभाऊ. दोन्हीकडे भोसल्यांचेच नाव.

राजे विभागले तशी चाकरमाणसेही विभागली. प्रतिनिधींच्या एकाच घराण्यातले श्रीपतराव साताऱ्याकडे आणि त्यांचे भाऊ कृष्णाजी करवीरकडे. आजची सर्वांना ठाऊक असलेली औंधची गादी श्रीपतरावांच्या शाखेची आणि विशाळगडची कृष्णाजींच्या शाखेची. ज्या सरदाराला इकडे रुसवा झाला तो तिकडे जाई, तिकडे मन भरले की इकडे येई, आणि प्रत्येक वेळी वतन-सरंजामाचा भाव वाढवून घेई. उदाजी चव्हाण नावाचा एक पराक्रमी सरदार शिराळा भागात असाच बळावला होता. त्याला शांत करायला शाहू महाराजांनी शिराळा आणि कऱ्हाडकडची काही चौथाईही देऊन पाहिली. राजे दोन झाले म्हणजे मधल्या मुलखातल्या रयतेचे काय होते, हे यावरून ओळखावे.

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. इथे तिसरा होता हैदराबादचा निजामुल्मुल्क. दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी दिल्लीहून आणल्या होत्या. निजामाने युक्ती काढली. छत्रपती दोन आहेत, खरा हक्कदार कोण ते आधी ठरू द्या, तोवर पैसे देता येत नाहीत, असे त्याने म्हटले. आणि करवीरच्या संभाजी महाराजांना जवळ केले. कौटिल्याचा राजमंडळाचा हिशेब इथे चोख लागू पडतो. साताऱ्याचा शेजारी करवीर, त्याच्याशी वैर. करवीरला मग साताऱ्याच्या पलीकडचा निजाम मित्र वाटला. पण निजामाला करवीर मोठे करायचे नव्हते, मराठ्यांची सत्ता दुभंगलेली ठेवायची होती. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला थोरल्या बाजीरावाने निजामाला पाणी तोडून कोंडीत पकडले, आणि पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने संभाजी महाराजांची बाजू सोडली. पलीकडचा मित्र आपल्या कामापुरताच मित्र असतो, हे करवीरला अशा रीतीने कळले.

तरी भांडण मिटले नाही. १७३० मध्ये संभाजी महाराज आणि उदाजी चव्हाण वारणा ओलांडून उत्तरेकडे आले आणि त्यांनी शिराळ्याच्या बाजूला तळ दिला. श्रीपतराव प्रतिनिधींनी त्या तळावर अचानक छापा घातला. करवीरची फौज उधळली, सामानसुमान गेले, संभाजी महाराज पन्हाळ्याला परतले. ताराबाई आणि त्यांच्या सूनबाई त्या तळावर होत्या. त्या साताऱ्यास आल्या.

श्रोतेहो, इथपर्यंतची गोष्ट बळाची आहे. बळी तो कान पिळी, एवढेच खरे असते तर पुढे काय व्हायला हवे होते? साताऱ्याची फौज वारणा ओलांडून पन्हाळ्याला भिडायला हवी होती आणि करवीरचे राज्य संपायला हवे होते. तसे झाले नाही. फेब्रुवारी १७३१ मध्ये कऱ्हाडजवळ जखीणवाडीच्या परिसरात दोघा भावांची भेट झाली. जिंकलेल्या थोरल्याने हरलेल्या धाकट्याला मानाने वागवले. मग बोलणी झाली, आणि एप्रिलमध्ये तह ठरला.

तहाची मुख्य कलमे अशी. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख, तिथले किल्ले आणि ठाणी संभाजी महाराजांची. वारणा जिथे कृष्णेला मिळते तिथून पुढे कृष्णेच्या काठाने थेट तुंगभद्रेच्या संगमापर्यंत दक्षिणेची बाजू करवीरची. तुंगभद्रेच्या पलीकडे रामेश्वरापर्यंत पुढे जो मुलूख जिंकला जाईल तो दोघांनी निम्मा निम्मा घ्यावा. कोकणात साळशीच्या खालचा भाग करवीरकडे. मिरज, तासगाव, अथणी ही ठाणी, कृष्णेच्या उत्तर काठची काही गावे आणि विजापूरकडची काही ठाणी साताऱ्याला द्यावी. साताऱ्याने कोपळचा किल्ला द्यावा आणि त्याच्या बदल्यात रत्नागिरी घ्यावी. वडगावचे ठाणे पाडून टाकावे. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी मानावा आणि संकटात एकमेकांना साहाय्य करावे. आणि शेवटी, एकाकडून फुटून आलेल्या चाकराला दुसऱ्याने ठेवून घेऊ नये.

शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, की ही कलमे मुलांकडून पाठ करून घेण्यापेक्षा नकाशा समोर ठेवून तपासून घ्यावी. हरिपूरचा संगम दाखवा, मिरज दाखवा, तासगाव दाखवा, कर्नाटकातले कोपळ दाखवा, आणि विचारा: प्रत्येक कलमात कोणाला काय मिळाले? मुले आपणच शोधून काढतील, की यात एकालाच सगळे मिळालेले नाही.

आपली तीन उत्तरे या तहावर लावून पाहू. बळाचे उत्तर लावले तर काही गोष्टी उलगडतात. शिराळ्याचा पराभव झाला नसता तर करवीर तहाला आले नसते. साताऱ्यालाही उसंत नव्हती. तहाच्या अवघे बारा दिवस आधी, १ एप्रिल १७३१ रोजी, गुजरातेत डभईला बाजीराव पेशवा आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे हे एकाच छत्रपतीचे दोन सेवक आपसात लढले आणि दाभाडे पडले. दाभाड्यांच्या मागेही निजामाचे संधान होते. उत्तरेत आणि गुजरातेत पसरायचे तर दक्षिणेचे दार शांत हवे. हा शुद्ध बळाबळाचा हिशेब झाला.

पण या हिशेबाने तहाची घडण समजत नाही. जिंकलेल्याने अर्धे राज्य हरलेल्याला लिहून का द्यावे? तिथे लाभाचे उत्तर पुढे येते. कोपळ गेले तर रत्नागिरी आली. पन्हाळा राहिला तर मिरज-तासगाव द्यावे लागले. करवीरला राज्य मिळाले, साताऱ्याला निर्धास्तपणा. चाकर न ठेवण्याचे कलम तर मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. दोन राज्यांत जे वैर पेटत राहते ते पुष्कळदा राजांमुळे नव्हे, तर मधल्या माणसांमुळे, ज्यांचा धंदाच भांडणावर चालतो. हे कलम म्हणजे आगीतले सरपण काढून घेणे होते.

आणि नात्याचे उत्तर? निजामाशी झालेल्या तहात आणि या तहात एक फरक आहे. तिथे दोन परके होते. इथे दोघांचे आजोबा एक. भाऊबंदकी हा शब्द आपण वाईट अर्थाने वापरतो, आणि पंचवीस वर्षे तीच चालली. पण भाऊबंदकीच्या पोटात भाऊपणही असते. वाटणी झाली म्हणजे भांडणारे भाऊ एकमेकांच्या लग्नाकार्याला जाऊ लागतात, तसे हे झाले. पुढेही संभाजी महाराज साताऱ्यास भेटीला येत.

म्हणजे तिन्ही उत्तरे खरी, आणि एकटे एकही पुरते नाही. बळाने दोघांना बोलण्याच्या बैठकीपर्यंत आणले, लाभाने कलमे लिहिली, नात्याने ती गिळायला सोपी केली.

आता तह टिकला म्हणजे काय, हे मात्र जपून सांगायला हवे. वारणाकाठी पुन्हा तलवार उपसलीच नाही असे नाही. १७६० मध्ये संभाजी महाराज निपुत्रिक वारले तेव्हा पेशव्यांची नजर करवीरवर गेली होती. राणी जिजाबाईंनी हिमतीने दत्तक घेऊन राज्य राखले. पुढे मिरजेचा मुलूख पटवर्धनांना मिळाला आणि पटवर्धन विरुद्ध करवीरकर असे वैर पिढ्यान् पिढ्या चालले. १७९९ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन निपाणीजवळ पट्टणकुडीच्या लढाईत करवीरच्या फौजेकडून मारले गेले. तहाने वैर नाहीसे केले नाही. पण तहाने एक गोष्ट पक्की केली, की करवीर हे वेगळे राज्य आहे आणि वारणा ही त्याची सीमा आहे. भांडण पुढे झाले ते या चौकटीतले. म्हणूनच १८१९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य नव्याने आखून दिले, तेव्हा त्याची दक्षिण सीमा पुन्हा वारणा आणि कृष्णाच धरली. रेघ सगळ्यांना दिसणारी होती, नदीची होती. दगडी खूण रात्रीतून हलवता येते. वारणा कोण हलवणार?

न टिकलेल्या करारांकडे पाहिले म्हणजे या टिकण्याची किंमत कळते.

१७८० च्या सुमारास नाना फडणविसांनी एक मोठा डाव मांडला. पुणे, म्हैसूरचा हैदर, हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे भोसले या चौघांनी एकजुटीने इंग्रजांवर उठायचे. चौघांनाही इंग्रजांची भीती होती. हैदर ठरल्याप्रमाणे कर्नाटकात उतरलाही. पण निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन गप्प केले, आणि बंगालवर जाणाऱ्या नागपूरच्या फौजेला पैसे देऊन थोपवले. १७८२ मध्ये पुण्याने सालबाईचा तह केला. ही एकजूट मोडली, कारण चौघांना बांधणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे भीती. वारणेच्या तहासारखी देवघेव त्यात नव्हती. भीतीचा भाव ज्याचा त्याला निराळा. इंग्रजांनी प्रत्येकाची भीती निरनिराळी विकत घेतली. विशेष हे, की टोपीकरांपासून सावध राहावे, त्यांना किल्ले बांधण्याजोगी जागा देऊ नये, हा इशारा त्याच्या दोन पिढ्या आधी पन्हाळ्याच्या दरबारातून दिला गेला होता. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे आज्ञापत्र ते हेच. धोका कळलेला होता. एकत्र राहण्याची सोय मात्र कोणी केली नाही.

दुसरा करार १८०२ सालच्या अखेरीचा, वसईचा. दुसऱ्या बाजीरावाने गादी परत मिळावी म्हणून इंग्रजांची फौज आपल्या मुलखात ठेवून घेतली, तिचा खर्चही पत्करला, आणि इतर राज्यांशी स्वतंत्र बोलणे करण्याचा हक्क सोडला. कागदावर दोन मित्रांचा करार. पण एकाच्या हाती तलवार आणि दुसऱ्याच्या हाती नुसता कागद असला, की कागदाचा अर्थ तलवारवाला लावतो. सोळा वर्षांत पेशवाई गेली. साताऱ्याचेही तेच झाले. १८१९ च्या करारावर उभे असलेले राज्य. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, आणि १८४८ मध्ये वारस नाही म्हणून राज्यच खालसा केले. बळ फार विषम असेल तर करार दुबळ्याचे रक्षण करत नाही, हा वास्तववाद्यांचा इशारा आपल्या जिल्ह्याने असा अनुभवला आहे.

आता थोडे जगाकडे पाहू. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघ स्थापन झाला. हेतू उदात्त होता, पण अमेरिका त्यात आलीच नाही; आणि १९३५ मध्ये इटलीने अबिसीनियावर स्वारी केली तेव्हा संघाला ती थोपवता आली नाही. वचन होते, त्यामागे बळ नव्हते. १९५४ मध्ये भारत आणि चीन यांनी पंचशीलाची पाच तत्त्वे मान्य केली. तत्त्वे चांगली, पण हिमालयातली सीमा नेमकी कुठून जाते हे ठरले नाही. १९६२ मध्ये युद्ध झाले. नाते जोडले, पण वारणा कोणती ते ठरवले नाही. उलट फ्रान्स आणि जर्मनी पाहा. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीन युद्धे ते एकमेकांशी लढले. १९५१ मध्ये त्यांनी इतर चार देशांसह करार केला, की तोफा ज्या कोळशा-पोलादातून होतात ते उत्पादनच सगळ्यांच्या सामाईक देखरेखीखाली ठेवायचे. त्यातूनच पुढे युरोपचा संघ वाढला. इथे नुसती शपथ नव्हती. व्यवहाराची वीण अशी घातली, की एकाने ती उसवायची तर स्वतःचेही वस्त्र फाटावे.

सिंधूच्या पाण्याचा करार सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६० मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी सहा नद्या तीन-तीन अशा वाटून घेतल्या. १९६५ आणि १९७१ ची युद्धे झाली, १९९९ ची कारगिलची लढाई झाली, तरी तो करार चालला. कारण वाटणी स्पष्ट होती आणि वाद ऐकायला नेमलेली यंत्रणा होती. परंतु एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. उत्तम लिहिलेला करारही विश्वासाच्या मातीत उभा असतो. माती वाहून गेली तर भिंत कितीही पक्की असो, तिला तडा जातो.

आणि पाण्याचा विषय निघाला म्हणजे आपण पुन्हा आपल्या शिवारात येतो. आपल्या कृष्णेवर २०१४ पर्यंत महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तीन राज्यांचा हक्क होता. ही स्वतंत्र राष्ट्रे नाहीत, त्यांच्यावर एक राज्यघटना आणि सर्वोच्च न्यायालय आहे; तरी भांडण कडाक्याचे होते. १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने १९७३ मध्ये दिलेल्या निवाड्याप्रमाणे २०६० अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० असे वाटप झाले. यालाच आपण बोलताना टीएमसी म्हणतो. २००४ मध्ये दुसरा लवादही नेमावा लागला. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावर आणले गेले, ते या वाटणीतल्या पाण्यातले. विट्याजवळच्या एखाद्या डाळिंबाच्या बागेला पाणी मिळते तेव्हा त्यामागे पंप आहेत, वीज आहे, आणि तीन राज्यांनी मान्य केलेली एक मर्यादाही आहे.

पाणी कमी पडते तेव्हा भांडण, आणि जास्त झाले तेव्हाही भांडण. २००५ आणि २०१९ च्या महापुरात सांगलीकरांनी जे भोगले ते ताजे आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणी किती अडवले, किती सोडले, यावरून दोन्हीकडे राग उसळला. पुराचे पाणी ना वारणेची हद्द मानते ना राज्याची. अशा वेळी दोन्हीकडच्या अभियंत्यांनी धरणांतल्या पातळ्या वेळेवर एकमेकांना कळवणे, हे काम दिसायला लहान आहे; पण त्यावर गावेच्या गावे वाचतात किंवा बुडतात. वरच्याने खालच्याला पाण्याची खबर द्यायची आणि खालच्याने वरच्याला वाट द्यायची, हा शेजारधर्म पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे.

तेव्हा, श्रोतेहो, राज्याराज्यांत सलोखा राहतो तो चार गोष्टींवर असे या इतिहासावरून दिसते. सीमा किंवा वाटणी डोळ्यांना दिसेल इतकी स्पष्ट हवी. दोघांच्याही पदरात काही पडले पाहिजे. भांडणावर पोट भरणाऱ्या तिसऱ्याला दाराबाहेर ठेवले पाहिजे. आणि बळ अगदीच एकतर्फी असता कामा नये. असले तर दुबळ्याने कागदावर विसंबू नये, आपली शक्ती आणि आपले मित्र वाढवावे. या चारांपैकी एक जरी ढिले पडले तरी करार डळमळू लागतो.

शाळेत आपण लढाया शिकवतो, सनावळ्या घोकून घेतो. पालखेड मुलांना पाठ असते. वारणेचा तह एका ओळीत आटोपतो. गुरुजींनी हे थोडे उलटून पाहावे. पालखेडच्या विजयाने निजामाचे बळ काही वर्षे आटोक्यात आले. वारणेच्या तहाने आखलेली सीमा जवळजवळ तीनशे वर्षांनी आजही आपल्या सातबाऱ्याचा जिल्हा ठरवते. मुलांना सहलीला पन्हाळा दाखवतो तेव्हा वाटेत वारणेच्या पुलावर पाच मिनिटे थांबावे, आणि एवढेच विचारावे: भांडण संपवण्यासाठी दोघांनी काय काय सोडले?